अठरा तासांच्या अभ्यासापलीकडचे बाबासाहेब

एप्रिल महिना जवळ आला की सोलापुरातल्या वाचनालयांत, वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाच्या उपक्रमाची तयारी सुरू होते. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत आम्हाला डीजेच्या भिंतीपेक्षा शंभर पटींनी चांगली वाटते. आम्हीही त्यात बसलो आहोत आणि पुढेही बसू.

पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट आम्हाला खटकते आहे. स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा अडकलेला तरुण आणखी तास वाढवतो. मोर्चे-निवेदनांनी थकलेला कार्यकर्ता दोन दिवस घरी थांबला, तर त्यालाच अपराधी वाटते. बाबासाहेब अठरा तास वाचत होते आणि आपण विश्रांती घेतो, असे तो स्वतःला बोल लावतो. म्हणून या वेळी बाबासाहेबांच्या चरित्राकडे आम्ही एकच प्रश्न घेऊन गेलो. एखादा अवघड प्रश्न सुटत नसे, तेव्हा ते काय करत?

पहिले उदाहरण रुपयाच्या प्रश्नाचे. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी मात्र त्यांनी घेऊन ठेवली होती. मधल्या काळात बडोद्यातील अपमान, मुंबईतील सिडनहॅम कॉलेजची प्राध्यापकी, ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेले मूकनायक आणि मार्चमधील माणगाव परिषद असे बरेच काही घडले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला आणि ते जर्मनीत बॉनला गेले. पुढच्या वर्षी परीक्षकांनी प्रबंध फेरलेखनासाठी परत पाठवला. ब्रिटिश कारभारावरची त्यातली टीका त्यांना रुचली नव्हती, असे चरित्रकार सांगतात. लंडनमध्ये राहायला आता पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले. लंडनची ग्रंथालये मागे राहिली आणि समोर परळच्या चाळीतले घर, वकिलीची सुरुवात आणि समाजाची कामे आली. त्याच धबडग्यात त्यांनी प्रबंधाची मांडणी नव्याने केली. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. प्रबंध स्वीकारला गेला आणि डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशन संस्थेने तो पुस्तकरूपाने काढला. आपला निष्कर्ष कोणता आणि तो सांगण्याची पद्धत कोणती, हे वेगळे करून पाहायला लेखनापासून थोडे अंतर लागते. बाबासाहेबांना ते अंतर परिस्थितीने लादले. त्यांनी ते कारणी लावले.

दुसरे उदाहरण चळवळीचे आहे आणि ते सोपे नाही. मूकनायक सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्यांनी मुंबई सोडली. आज एखाद्याने असे केले असते, तर आपण काय म्हटले असते? चळवळ सोडली, स्वतःचे करिअर पाहिले, हेच. त्या जाण्याची किंमतही मोजावी लागली. मागे राहिलेल्यांना पत्र नीट चालवता आले नाही आणि १९२३ मध्ये मूकनायक बंद पडले. हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

पण परतलेले बाबासाहेब नव्या तयारीने कामाला लागले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने पहिल्याच वर्षात केलेले एक मोठे काम आपल्या सोलापुरातले आहे. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने येथे हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांचे जेवण, कपडे आणि शालेय साहित्य यांचा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान दिले. याच सभेने मुंबईत मोफत वाचनालयाबरोबर तरुणांसाठी हॉकी क्लबही चालवला. पोरांनी जुगार आणि दारूकडे वळू नये, हा त्यामागचा हेतू. तरुण माणसाला पुस्तकाइतकेच मैदानही लागते, हे ज्यांना आपण फक्त अभ्यासाचे प्रतीक मानतो त्यांनी ओळखले होते.

तिसरे उदाहरण धर्मांतराचे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. कोणता धर्म, हे सांगितले नाही. दुसऱ्या दिवसापासून घाई करणारे, आमिष दाखवणारे आणि टिंगल करणारे पुढे आले. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ च्या निवडणुका लढवल्या आणि खोतीविरुद्ध विधेयक मांडले. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे भाषण करताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयीची आपली ओढ मोकळेपणाने सांगितली. निर्णय तरीही जाहीर केला नाही. पुढे मजूर मंत्रिपद आले, संविधानाचे काम आले, १९५१ चा राजीनामा आला. १९५० मध्ये ते सिलोनला आणि १९५४ मध्ये ब्रह्मदेशात बौद्ध परिषदांना गेले. येवल्यानंतर एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात उत्तर मिळाले. या काळात प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता, वाचनही सुरूच होते. पण प्रश्नाने घाई करावी म्हणून त्यांनी निर्णय केला नाही.

रोजच्या जगण्यातही ही सवय दिसते. दिल्लीच्या बंगल्यातली बाग, कुत्र्यांचा लळा, कधी स्वतः केलेला स्वयंपाक, उतारवयात व्हायोलिन आणि चित्रकला शिकण्याची धडपड. बाबासाहेब आरामात जगले, असे आम्ही म्हणत नाही. मधुमेहाने शरीर पोखरले तरी शेवटच्या रात्रीपर्यंत त्यांचे लेखन सुटले नाही. पण त्या कामाच्या डोंगरातही त्यांनी बागेसाठी आणि व्हायोलिनसाठी जागा ठेवली होती.

बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा त्याच संस्थेत ग्रॅहम वॉलस नावाचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२६ साली त्यांनी विचार करण्याच्या प्रक्रियेवर पुस्तक लिहिले. त्यात चार टप्पे सांगितले आहेत: आधी कसून तयारी, मग प्रश्न बाजूला ठेवणे, मग अचानक उत्तर सुचणे आणि शेवटी ते उत्तर तपासून पाहणे. दुसरा टप्पा पहिल्याशिवाय उपयोगाचा नाही. ज्याने अभ्यासच केला नाही, त्याला बागेत फिरून काही सुचणार नाही.

आपल्याला हे नवे वाटू नये. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे देह झिजवला. उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्याने ती वाट सोडली आणि सुजाताचे अन्न स्वीकारले. पाच सोबती त्याला हरलेला समजून निघून गेले. संबोधी त्यानंतरची आहे. आणि सर्वांत आधी धम्म सांगितला गेला, तो त्याच पाच जणांना.

म्हणून आमचे तरुणांना आणि संघटनांना काही सांगणे आहे. अत्याचाराचा गुन्हा नोंदवायचा असेल, मुदतीत अर्ज द्यायचा असेल किंवा एखादे कुटुंब भीतीखाली असेल, तेव्हा मागे हटता येत नाही. पण तिथेही एकाच माणसाला जुंपून ठेवू नका, पाळीपाळीने जा. थांबणाऱ्या कार्यकर्त्याला फितूर म्हणू नका. त्याचे काम सांभाळणारा दुसरा आधीच तयार करा, कारण मूकनायक बंद पडण्यातून आपल्याला हेच शिकायचे आहे. आणि थांबणाऱ्याने परत येण्याची तारीख ठरवून जावे, जशी बाबासाहेबांनी १९१७ मध्ये लंडनहून परवानगी घेतली होती.

या एप्रिलमध्ये अठरा तास जरूर बसू या. उरलेल्या सहा तासांत मात्र नीट झोपू या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अडलेले पान पुन्हा उघडून पाहू या.

जय भीम! नमो बुद्धाय!