मार्की द लाफायेत

स्वतःच्या पदरचें खर्चून परक्यांच्या स्वातंत्र्यासाठीं लढणारे पुरुष जगांत थोडे. आणि हातीं आलेली सत्ता स्वतःसाठीं न वापरणारे तर त्याहूनहि थोडे. फ्रान्स देशचा उमराव लाफायेत हा अशा थोड्यांपैकीं एक होता.

त्याचा जन्म ता. ६ सप्टेंबर १७५७ रोजीं ओव्हेर्न्य प्रांतांत झाला. तो दोन वर्षांचा होण्यापूर्वींच त्याचा बाप लढाईंत पडला व १७७० सालीं आईहि वारली. बारा वर्षांचा हा पोरका मुलगा मोठ्या संपत्तीचा धनी झाला. सोळाव्या वर्षीं थोर घराण्यांतील आद्रिएन हिच्याशीं त्याचें लग्न झालें.

त्या सुमारास अमेरिकेंतील वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या होत्या. फ्रान्सच्या राजाची मनाई असतांहि लाफायेतनें स्वतःच्या पैशानें जहाज विकत घेतलें व १७७७ सालीं तो अमेरिकेस गेला. तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. पगार न घेतां तो लढला, ब्रँडिवाइनच्या लढाईंत पायास गोळी लागून जखमी झाला, आणि सेनापति वॉशिंग्टनचा पुत्रासारखा आवडता झाला. १७८१ सालीं यॉर्कटाउन येथें इंग्रज सैन्य शरण आलें, त्या विजयांत त्याचाहि वांटा होता.

घरीं परतल्यावर त्याची दृष्टि स्वदेशांतील दुबळ्यांकडे वळली. १६८५ सालापासून फ्रान्समध्यें प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांस कायद्याचा आश्रय नव्हता. त्यांच्या पाळकांनीं लाविलेलीं लग्नें सरकार मानीत नसे. म्हणून त्यांचीं मुलें अनौरस ठरत व वारसा बुडे. लाफायेत स्वतः रोमन कॅथलिक घराण्यांतला. तरी त्यानें नीम येथील पाळक राबो सेंत-एत्येन याची भेट घेतली, आणि १७८७ सालीं राजानें बोलाविलेल्या उमरावांच्या सभेंत प्रॉटेस्टंटांचा प्रश्न मांडिला. त्याच वर्षाच्या अखेरीस राजानें हुकूम काढून त्यांचे जन्म, विवाह व मृत्यु यांची नोंद मान्य केली. उघड उपासनेची मोकळीक मात्र अद्याप मिळाली नव्हती.

१७८९ सालीं राज्यक्रांति झाली. मनुष्याच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा लाफायेतनेंच सभेपुढें ठेविला. पॅरिसच्या राष्ट्रीय रक्षकदलाचा तो नायक झाला, व खवळलेल्या जमावापासून राजकुटुंबाचे प्राण त्यानें वांचविले. परंतु १७९१ सालीं शां-द-मार्स मैदानावर त्याच्या दलानें जमावावर गोळ्या झाडल्या व अनेक माणसें मेलीं. हा डाग त्याच्या नांवास कायमचा लागला. राजाचे लोक त्यास बंडखोर म्हणत, तर जहाल पक्ष त्यास राजाचा हस्तक समजे. १७९२ सालीं जीव वांचविण्यासाठीं त्यानें सरहद्द ओलांडली, तों ऑस्ट्रियाच्या सैन्यानें त्यास पकडलें. पुढें पांच वर्षें तो बंदिवासांत होता.

आद्रिएनचें धैर्य येथें दिसून आलें. तिची आजी, आई व बहीण या तिघींचा एकाच दिवशीं शिरच्छेद झाला होता व तिनें स्वतःहि तुरुंग भोगला होता. सुटका होतांच ती दोन मुली घेऊन ऑल्म्युट्झ येथें गेली व आपण होऊन पतीच्या तुरुंगांत राहिली. तेथें ती आजारी पडली. उपचारासाठीं बाहेर जा, पण परत येऊं नको, अशी अट घालण्यांत आली. ती तिनें नाकारिली. १८०७ सालीं ती वारली.

१७९७ सालीं लाफायेत सुटला, तो नेपोलियनच्या विजयांमुळें. तरीहि १८०२ सालीं नेपोलियनास तहहयात सत्ता देण्याविरुद्ध त्यानें मत दिलें. उपकार स्मरला, पण विवेक विकला नाहीं. १८३० सालच्या क्रांतींत वृद्धपणीं रक्षकदल पुन्हा त्याच्या हातीं आलें. तेव्हांहि स्वतः सत्ता न घेतां त्यानें लुई-फिलिप यास राजपद मिळूं दिलें. ता. २० मे १८३४ रोजीं तो पॅरिस येथें मरण पावला. पिकपुस येथें पत्नीशेजारीं त्यास पुरिलें, आणि अमेरिकेहून आणलेली माती कबरेवर घातली.

प्रिय वाचकहो, स्वतःच्या हक्कासाठीं भांडणें कठीण नाहीं. आपल्याहून वेगळ्या धर्माच्या, आपल्याहून दुबळ्या शेजाऱ्याच्या हक्कासाठीं उभें राहणें, हेंच कठीण. लाफायेत चुकलाहि, परंतु ज्यांच्याशीं त्याचें नातें नव्हतें, त्यांच्यासाठीं तो उभा राहिला. हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.