तराजू आणि सारणी : दामोदर कोसंबी

पाली भाषेचे व बौद्ध साहित्याचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते मायदेशी परतले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

तक्षशिलेस सापडलेली चांदीची आहत नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाण्याच्या मागील बाजूचे ठसे आणि नाण्याचे वजन यांचा काही संबंध आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता.

असा प्रश्न दुहेरी सारणीत मांडता येतो : ओळींत ठसे, स्तंभांत वजन. समजा, १०० नाण्यांपैकी ५० नाण्यांवर ठसे अधिक आहेत आणि एकूण ४० नाणी हलकी आहेत. या दोन गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर अधिक ठशांची हलकी नाणी ५० च्या ४० टक्के, म्हणजे सुमारे २० भरावीत. ती पुष्कळ अधिक भरली, तर स्वातंत्र्याचे गृहीतक टिकत नाही.

कोसंबींना संबंध आढळला. ठसे वाढत, तसे सरासरी वजन घटत होते. ठसे ही चलनातील वेळोवेळच्या तपासणीची खूण आणि घट ही हाताळणीची झीज, असा अर्थ त्यांनी लावला. मुकी नाणी अशी इतिहासाची साक्षीदार झाली.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या जिल्ह्यातील तेर येथेही सातवाहनकालीन नाणी सापडली आहेत. ती पाहताना वाशीच्या विद्यार्थ्यांनी एवढे स्मरावे : मोजल्यावाचून संबंध मानू नये, आणि मोजल्यावाचून नाकारूही नये.