पंडिता रमाबाई आणि रोजची भाकर

देवावर भिस्त ठेवणारावर संकट येत नाहीं, असा समज आपल्या मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणीं आढळतो. पुढें संकट आलें म्हणजे तोच समज विश्वासाचा घात करितो. म्हणून पंडिता रमाबाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

बाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीवरील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत. आई लक्ष्मीबाई हिनें मुलीस संस्कृत शिकविलें. तीर्थें हिंडणारें हें कुटुंब मद्रास इलाख्यांत दुष्काळांत सांपडलें, आणि सन १८७४ त थोड्याच अंतरानें आईबाप उपासमारीनें गेले. रमाबाई व बंधु श्रीनिवास पायीं फिरत १८७८ त कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथें विद्वानांनीं बाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० त बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला, आणि फेब्रुवारी १८८२ त तेहि पटकीनें दगावले. तेवीस वर्षांची ही विधवा आणि पदरीं लहानगी मनोरमा!

पुढें बाई शिक्षणासाठीं इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज गांवीं ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. ता. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईत विधवांसाठीं शारदा सदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. कांहीं मुलींचें मन ख्रिस्ताकडे वळतांच मोठें वादळ उठलें. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. अमेरिकेंतील मित्रांनीं मदतीचें वचन दिलें होतें, तेंहि दहाच वर्षांचें. त्याची मुदत १८९८ त संपणार होती.

अशा वेळीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हें ज्यांनीं स्वतः भोगलें, त्या बाईंना घरीं बसवेना. सन १८९७ त त्यांनीं शेंकडों अनाथ मुली व स्त्रिया आणून केडगांवच्या शेतांत त्यांची सोय केली. इतक्या जणींना पुरेल एवढें द्रव्य हातीं नव्हतें. बाईंनीं प्रार्थना केली, आणि विहिरी खणविल्या. देवाकडे धान्य मागितलें, आणि जमीन नांगरविली. मुलींस विणकाम, बागकाम व छापखान्याचें काम शिकविलें. सन १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनांतील माणसें दीड हजारांवर गेलीं. वर्षाचें कोठार भरलेलें नसे. त्या त्या दिवसाची गरज त्या त्या दिवशीं भागे.

उतारवयांत बाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर आरंभिलें. तें चालू असतांच ता. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीवर पुढील कार्याचा भार ठेवावयाचा, तीच आधीं गेली. तरी बाईंनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. काम तडीस नेऊन ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. मुक्तिसदनाचें कार्य केडगांवीं आजहि चालू आहे.

आम्ही हें विरारजवळील चंदनसार येथून लिहितों. येथें काय किंवा आपल्या गांवीं काय, काळज्या त्याच: बुडालेली रोजंदारी, मुलांची फी, आजाऱ्याचें औषध. उपदेशक बंधूंनो, अशा घरीं जाल तेव्हां दुःख उद्यांच टळेल असें वचन देऊं नका. तसें वचन बाईंसहि मिळालें नव्हतें. आईबाप, बंधु, पति, कन्या, सर्वांस त्यांनीं पोंचविलें. परंतु आजच्यापुरती भाकर व आजच्यापुरतें काम देवानें त्यांस दिलें, आणि तेवढ्यावर त्या उभ्या राहिल्या. त्या घरीं बसून प्रार्थना करा. आणि उठतांना त्यांच्या कामास आपलाहि हात लावा.