ठाण्याच्या अस्थी आणि खानाचे गवताळ नगर

१३२१ सालचे ठाणे डोळ्यांसमोर आणा. खाडीकाठचे गजबजलेले बंदर, आणि त्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची अवघी पंधरा घरे. त्यांतील एका घरी चार पाहुणे उतरले होते: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा याकोब, सिएनाचा पेत्र आणि अनेक भाषा जाणणारा तिफ्लिसचा देमेत्रियस. एप्रिल महिन्यात धर्मवादातून त्या चौघांचा वध झाला. ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. परंतु हे चौघे ठाण्याला येण्यासाठी निघालेच नव्हते, हे कितीजणांना ठाऊक आहे? त्यांनी कोल्लमला जाणारे गलबत ठरवले होते, आणि तेथून त्यांना चीन गाठायचा होता. गलबत त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्याला लागले. त्यांचा अपुरा राहिलेला प्रवास ज्याने पुरा केला, तो फ्रान्सिस्कन बंधू म्हणजे ओदोरिक.

ओदोरिकचा जन्म उत्तर इटलीतील पोर्देनोने गावाजवळचा. उदिने येथील मठात त्याने संन्यस्त जीवन पत्करले, आणि सुमारे १३१८ मध्ये तो पूर्वेकडे निघाला. ताब्रीझ, बगदाद असे करीत तो होर्मुझला पोहोचला. तेथील जहाजांना लोखंडाचा एक खिळाही नव्हता. फळ्या दोरीने शिवलेल्या. अशा जहाजातून अठ्ठावीस दिवसांनी तो ठाण्यास उतरला. बंधू जॉर्डनसने त्या चौघांचे देह सोपारा येथे पुरले होते. ओदोरिकने त्यांच्या अस्थी काढून घेतल्या, वस्त्रात गुंडाळल्या आणि पुढची वाट धरली.

या अस्थींमुळे आपण आगीतून वाचलो, वारा पडला असता एक अस्थी समुद्रात टाकताच शिडे भरली, असे तो सांगतो. असल्या गोष्टींवर माझे मन सहसा स्थिरावत नाही. मला विचार करायला लावते ते त्या गाठोड्याचे ओझे. मलबार, मैलापूर, सुमात्रा, जावा एवढ्या प्रवासात ते त्याने खाली ठेवले नाही. चीनमधील जैतून बंदरात फ्रान्सिस्कनांचे दोन मठ होते. तेथे त्याने त्या अस्थी स्वाधीन केल्या.

तेथून तो खानबालिकला, म्हणजे आजच्या बीजिंगला गेला व तीन वर्षे राहिला. या नगरीचा आर्चबिशप मॉन्तेकोर्विनोचा योहान याने नवा करार व स्तोत्रसंहिता तार्तारांच्या भाषेत उतरवली होती. त्या भाषांतराची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्याचे आयुष्य याच कामात गेले, त्याला हे वाक्य लिहिताना थोडे थांबावे लागते. योहानाची पत्रे १३०७ मध्ये पोपपर्यंत नेली होती ती ठाण्यास मारल्या गेलेल्या थॉमसनेच.

उन्हाळा आला की खान उत्तरेकडील मंगोल गवताळ प्रदेशातील शांग्दू नगरात जाई. ओदोरिक त्याला सांदू म्हणतो आणि तेथील थंडीचे वर्णन करतो. झाशीजवळच्या समथरात ज्यांनी मे महिना काढला असेल, त्यांना खानाचा हा बेत लगेच पटेल! कुब्लाईने १२५६ मध्ये वसवायला घेतलेले हे नगर १३५८ मध्ये बंडखोरांनी जाळले. गवतात उरलेल्या त्याच्या अवशेषांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

एकदा खान खानबालिकला येत असता एक बिशप, काही बंधू व ओदोरिक दोन दिवसांची वाट चालून त्याला सामोरे गेले. काठीवर क्रूस उंचावला होता. पवित्र आत्म्याला आवाहन करणारे लॅटिन गीत ते गात होते. खानाने त्यांना जवळ बोलावले, मस्तकावरील मौल्यवान टोपी काढली आणि क्रूसाला वंदन केले. रिक्त हस्ते त्याच्यापुढे जाण्याची रीत नव्हती. बंधूंपाशी देण्याजोगे होते ते तबकभर सफरचंद. खानाने त्यांतील दोन उचलली, एक थोडेसे खाल्ले आणि तो पुढे गेला. एवढाच तो प्रसंग! त्यावरून खान ख्रिस्ती होणार होता असे कोणी समजू नये.

ओदोरिक १३३० मध्ये परतला. मे महिन्यात पादुआच्या मठात त्याने आपला प्रवास सांगितला, आणि बंधू विल्यमने तो साध्या लॅटिनमध्ये उतरवून घेतला. मग पूर्वेकडे आणखी सेवक पाठवावेत अशी विनंती करण्यासाठी तो आविन्योंला पोपकडे निघाला. परंतु पिसा येथे आजारी पडल्याने त्याला उदिनेला माघारी यावे लागले. १४ जानेवारी १३३१ रोजी तेथेच तो मरण पावला. पोपपुढे विनंती मांडायची राहूनच गेली.