पॅरिसमध्ये ज्या वयात रिटायर करतात, त्याच वयात मार्गो फॉन्टेनची दुसरी इनिंग सुरू झाली

पॅरिस ऑपेराच्या बॅले कंपनीचा नियम पक्का आहे. वय ४२ झालं की डान्सरनं कंपनी सोडायची, मग तो कितीही मोठा स्टार असो. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचण्यात आणि रोजच्या उड्यांमध्ये घोटे, गुडघे झिजतात. शिवाय मागे तरुण पोरं थांबलेली असतातच.

हाच नियम लंडनमध्ये असता तर?

मार्गो फॉन्टेनचा जन्म १८ मे १९१९ चा. खरं नाव मार्गारेट हूकहॅम. ती रॉयल बॅलेची सगळ्यात मोठी स्टार. १९६१ मध्ये ती ४२ वर्षांची झाली आणि आता ही थांबणार, अशी चर्चा सुरू झाली.

त्याच वर्षी जूनमध्ये रुडॉल्फ नुरेयेव या सोव्हिएत डान्सरनं पॅरिसच्या विमानतळावर मायदेशी परतायला नकार दिला आणि फ्रान्सकडे आश्रय मागितला. २१ फेब्रुवारी १९६२ ला लंडनमध्ये दोघं पहिल्यांदा 'जिझेल' नाचले. तो २३ वर्षांचा, ती ४२ ची. जोडी तुफान चालली. १९६४ मध्ये व्हिएन्नात 'स्वान लेक'नंतर प्रेक्षकांनी त्यांना ८९ वेळा स्टेजवर परत बोलावलं.

पण त्याच वर्षी मार्गोचा नवरा, पनामाचे नेते रोबेर्तो आरियास यांच्यावर गोळीबार झाला. ते कायमचे व्हीलचेअरवर आले. उपचारांचा खर्च मोठा होता, त्यामुळे थांबणं तिला परवडणारं नव्हतं.

आता दुसरी बाजू. केनेथ मॅकमिलननं 'रोमिओ अँड ज्युलिएट' बसवलं ते लिन सेमूर आणि ख्रिस्तोफर गेबल या तरुण जोडीवर. पण फेब्रुवारी १९६५ चा पहिला प्रयोग मिळाला मार्गो आणि नुरेयेवला, कारण तिकिटं या नावांवर खपायची. ज्युलिएट झाली ४५ वर्षांची मार्गो. २५ वर्षांची लिन मागे राहिली.

मार्गो साठीच्या आसपास थांबली. साठाव्या वाढदिवसाला रॉयल बॅलेनं तिला 'प्रिमा बॅलेरिना असोलुता' हा सर्वोच्च किताब दिला. पुढे ती पनामात नवऱ्यासोबत शेतावर राहिली. कॅन्सर झाला तेव्हा हाताशी पैसे नव्हते. १९९० मध्ये तिच्या मदतीसाठी लंडनला खास कार्यक्रम झाला. २१ फेब्रुवारी १९९१ ला ती गेली. नुरेयेवसोबतच्या पहिल्या 'जिझेल'ला त्या दिवशी बरोबर २९ वर्षं झाली होती.

४२ चा नियम असता तर जगाला ही जोडी दिसलीच नसती. पण नियम नसल्याची किंमत लिननं मोजली, हेही तितकंच खरं. म्हणून वयाचा आकडा बघण्यापेक्षा दरवर्षी नाच बघून निर्णय घ्यावा. आणि थांबल्यावर डान्सरचं घर कसं चालेल, याची सोय आधीच करून ठेवावी.