वैद्यकी सोडून मुळांकडे वळलेले बटलर

पावसाची झड लागून वाफ्यात पाणी तुंबले, की आल्याची पाने पिवळी पडू लागतात. खोड जरा ओढले तरी हातात येते आणि मातीतल्या गड्ड्याला कुजका वास मारतो. स्ट्रॉबेरीचे रोप भर दुपारी मान टाकते, सायंकाळी सावरल्यासारखे दिसते आणि काही दिवसांत मरते. त्याचा क्राऊन, म्हणजे मुळे आणि पाने यांच्यामधला आखूड गड्डा, उभा चिरला तर आत लालसर तपकिरी कूज दिसते. अशा रोगांमागे नेमका कोणता जीव आहे, याचा भारतात पद्धतशीर शोध सुरू करणारा माणूस शेतकी पदवीधर नव्हता. तो डॉक्टर होता.

एडविन जॉन बटलर यांचा जन्म १८७४ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील किल्की गावात झाला. कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजातून १८९८ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. दवाखाना मात्र थाटला नाही. कॉलेजातले प्राध्यापक मार्कस हार्टोग पाण्यात वाढणाऱ्या बुरश्यांचा अभ्यास करत. त्यांच्या सहवासात बटलर यांना त्याच विषयाचे वेड लागले. मग फ्रान्स, जर्मनी आणि लंडनजवळचे क्यू उद्यान अशी भटकंती करत त्यांनी ‘पिथियम’ या गटाचा पाठपुरावा केला. गादीवाफ्यातली कोवळी रोपे जमिनीलगत सडून कोलमडतात, ती बहुधा याच गटामुळे. पिथियम आणि त्याचा भाऊबंद ‘फायटोप्थोरा’ यांना आपण सवयीने बुरशी म्हणतो. आजचे शास्त्र त्यांना समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळचे मानते. त्यांचे बीजाणू दोन शेपट्यांच्या बळावर पाण्यात पोहतात. साचलेल्या पाण्याशी या रोगांचे एवढे सख्य का, याचे उत्तर तिथे आहे.

१९०१ मध्ये भारत सरकारने त्यांना वनस्पतींवरील बुरश्यांचे पहिले तज्ज्ञ म्हणून नेमले. कलकत्ता आणि डेहराडूनमार्गे ते १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथील नव्या शेती संशोधन संस्थेत आले. एका माणसाच्या वाट्याला सारा देश होता. १९०७ मध्ये पिथियमवरचा त्यांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सुरतेकडील आल्याची मऊकूज त्यांनी याच सुमारास नोंदवली.

त्यांची खरी कसोटी गोदावरीच्या मुखाकडे लागली. तिथल्या ताडांचा कोंब कुजत होता. मधले कोवळे पान फिकट पडे, सुकून जाई, ओढले की निघून येई आणि शेंड्यात दुर्गंधीचा लगदा उरे. ताडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेले. माडाचे आणि सुपारीचेही तसेच. बटलर यांनी रोगाचा जीव शोधला, पण औषध त्यांच्यापाशी नव्हते. रोगट झाडांचे शेंडे तोडून जाळायचे, एवढाच उपाय उरला. ज्याचे पोट त्या ताडावर, त्याला हे सांगणे सोपे नव्हते. पण शेंडा सडलेले झाड मरणारच होते. प्रश्न शेजारच्या झाडांचा होता. साथीत डॉक्टर जसा विचार करतो, तसाच हा विचार होता.

या जीवाला त्यांनी आधी पिथियममध्ये बसवले होते. पुढे ते वर्गीकरण चुकल्याचे दिसले, तेव्हा १९१९ मध्ये त्यांनी स्वतःच त्याला फायटोप्थोरात हलवले. म्हणून ‘फायटोप्थोरा पाल्मिव्होरा’ या शास्त्रीय नावापुढे बटलर हे नाव आजही दोनदा लिहिले जाते, एकदा कंसात आणि एकदा कंसाबाहेर.

तुरीच्या मरीतही त्यांची हीच चिकाटी दिसते. मेलेल्या मुळांवर एक बुरशी हमखास सापडे आणि अमेरिकेत कापसाच्या मर रोगाशी तिचे नाते जोडले गेले होते. प्रेताजवळ सापडला म्हणून कोणी खुनी ठरत नाही. बटलर यांनी प्रयोग करून ती बुरशी निर्दोष ठरवली आणि खरी गुन्हेगार दुसरीच असल्याचे दाखवले. १९१० मध्ये तिला त्यांनी ‘फ्युजेरियम उडम’ हे नाव दिले. विदर्भ-मराठवाड्यातला तूर उत्पादक आज जिला ‘मर’ म्हणतो, ती हीच. पूर्व बंगालातल्या भाताच्या ‘उफ्रा’ रोगात तर त्यांनी बुरशीचा आग्रहच सोडला आणि सूत्रकृमीकडे बोट दाखवले.

त्यांच्या हाताखाली भारतीय संशोधकही तयार झाले. त्यांतले जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी १९१३ मध्ये एरंडाच्या रोपांवरून ‘फायटोप्थोरा पॅरासिटिका’ वर्णिला. पुढे दस्तूर मध्यप्रांतात नागपूरला कवकशास्त्रज्ञ म्हणून गेले. त्याच नागपूरच्या संत्राबागांत मूळकूज आणि डिंक्या रोग पसरवणाऱ्या जीवांत हा फायटोप्थोराही आहे, हा एक विचित्र योगायोग.

१९१८ मध्ये बटलर यांचा भारतातील पिकांच्या रोगांवरचा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला. दोन वर्षांनी ते क्यू येथील नव्या कवकशास्त्र केंद्राचे पहिले संचालक झाले. जगभरातल्या वनस्पतिरोगांच्या संशोधनाचे सार देणारे नियतकालिक या केंद्राने १९२२ पासून काढले; एखाद्या प्रांतातला एकटा तज्ज्ञ काय काय वाचू शकत नाही, हे पुसातल्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? १९३९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

४ एप्रिल १९४३ रोजी इन्फ्लुएन्झाने त्यांचे निधन झाले. वनस्पतिरोगशास्त्रावरचा त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ तेव्हा अपुरा होता. एस. जी. जोन्स यांनी तो पुरा केला आणि १९४९ मध्ये दोघांच्या नावाने तो छापला गेला. पुसात असताना त्यांनी सुरू केलेला रोगट पाने, मुळे आणि बुरश्यांचा संग्रह आज दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आहे.