केरूनानांची कोष्टके

बदनापूरच्या बँकशाखेत आम्ही व्याज मांडत बसत नसू. रेडी रेकनरमध्ये रक्कम आणि दिवस पाहिले की आकडा तयार. ते पुस्तक हाती घेतले की मला केरूनाना छत्रे आठवत.

कुलाबा वेधशाळेत उमेदवारी केलेले, पुढे पुण्यात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहणे आकाशाशी जुळेनात, तेव्हा १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. अवघड गणित त्यांनी उपसले. पंचांगकर्त्याला पाहणे आणि बेरीज-वजाबाकी उरली. १८८४ साली ते गेले.

रॉम चिपही हेच करते. येणारे शून्य-एक म्हणजे घराचा पत्ता. त्या घरात आधीच कोरलेले उत्तर बाहेर पडते. वेगळी तर्कमंडले जोडावी लागत नाहीत. मात्र कोष्टक चुकले, तर चिप चुकीचे उत्तरही तितक्याच निमूटपणे देते. म्हणून खरी जोखीम कोष्टक मांडणाऱ्याची. केरूनानांनी ती आयुष्यभर वाहिली.